रडव तिला

माझ्यासमोर कुणी रडलेलं मला सहन होत नाही. हे वाक्य लोक आपल्या हळव्या स्वभावाचा दाखला म्हणून सांगतात, म्हणून आधीच स्पष्ट करतो. समोर कुणी रडायला लागलं की मला दया येत नाही, संताप येतो. कानशिलं तापतात, मुठी वळतात आणि हे आत्ताच्या आत्ता थांबलं पाहिजे, एवढंच डोक्यात उरतं. माझी मुलगी तान्ही असताना ती रडायला लागली की मी खाली जाऊन गाडीत बसायचो. बायकोला वाटायचं, हा कामचुकार आहे. मी तिला तसं वाटू दिलं, कारण खरं कारण त्याहून वाईट होतं.

हे आलं कुठून ते शोधायला फार लांब जायला नको. नागपूरला आम्ही दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. वडील मारायचे. त्यात विशेष काही नव्हतं. संध्याकाळी त्या रांगेतल्या निम्म्या दारांतून मार खाणाऱ्या पोरांचे आवाज यायचे. आमच्या दारातून मात्र यायचे नाहीत, कारण वडिलांची पद्धत वेगळी होती. चुकीसाठी पट्ट्याचे दोनच फटके असायचे. त्यानंतर रडण्याचा मार सुरू व्हायचा. "आवाज बंद," असं म्हणून ते पट्टा हातात धरून उभे राहायचे. हुंदका आला की एक फटका. पुन्हा आला की पुन्हा एक. शेजारचे लोक आईला म्हणायचे, तुमचा मुलगा फार शहाणा आहे हो, कधी रडताना ऐकला नाही.

मी एकोणीस वर्षांचा असताना वडील ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. दुपारी त्यांना घरी आणलं. आई भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. बायका दारातूनच गळा काढत आत यायच्या, आईकडे बघायच्या आणि त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. तास झाला, दोन तास झाले. लोक कुजबुजायला लागले. मग माझी आत्या आली. तिने चप्पल काढली, आईसमोर बसली, तिची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि खोलीला म्हणाली, "अवं, रडव नं कोनी हिले. नाही तं डोक्यात जाईन हिच्या." कुणी हललं नाही. तेव्हा आत्याने स्वतःच आईच्या मुस्कटात दिली. एक, आणि लगेच दुसरी. तो आवाज अंगणातल्या पुरुषांनाही ऐकू गेला. आईने हंबरडा फोडला, ती आडवी पडली, आत्या तिच्यावर पडली, आणि मग सगळ्या खोलीने एकदमच रडायला सुरुवात केली. "झाली बाई मोकळी," कुणीतरी म्हणालं. बाहेर लोक बांबू बांधायला लागले.

म्हणजे आमच्या घरात रडू थांबवायला मारायचे आणि रडू आणायलाही मारायचे. या दोन्हीत काही विसंगती आहे असं मला चाळिशी येईपर्यंत वाटलं नाही.

दोन हजार वीस साली आम्हाला आयर्लंडमध्ये येऊन चार वर्षं झाली होती. आम्ही डब्लिनजवळ नास गावात राहायचो, एका भिंतीने शेजाऱ्याला चिकटलेल्या दुमजली घरात. मी औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर. तो कारखाना लॉकडाऊनमध्ये एक दिवसही बंद झाला नाही, त्यामुळे मी रोज कामावर जायचो. बायको पुण्याची, एकुलती एक, चेरीवूडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. ती वरच्या छोट्या खोलीत बसून घरूनच काम करायची. मुलगी सहा वर्षांची. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीत, तेही अस्सल इथल्या ठेक्यात. भिंतीपलीकडे एक साठीच्या पुढची बाई एकटी राहायची. नवरा जाऊन तिला बरीच वर्षं झाली होती. कचऱ्याचे डबे बाहेर काढताना हवेबद्दल दोन वाक्यं, एवढीच माझी तिची ओळख.

त्या वर्षी मे महिन्यात आमच्या शिफ्टच्या सुपरवायझरचे वडील वृद्धाश्रमात करोनाने गेले. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी. हा सहा फूट दोन इंच उंचीचा, मानेने बैलासारखा गडी. चौथ्या दिवशी कामावर आला आणि कँटीनमध्ये चहाचा पहिला घोट घेताच रडायला लागला. तिथे त्याला सोडून आम्ही सहा जण लांब लांब बसलो होतो. पाचही आयरिश माणसांनी एकाच वेळी आपापल्या टेबलांकडे बघायला सुरुवात केली. एकाने बिस्किटांचा पुडा त्याच्या बाजूला सरकवला. दुसरा म्हणाला की गुरुवारपर्यंत पाऊस नाही म्हणतात. तिसरा म्हणाला, बरंय, गवत कापता येईल. आणि तो माणूस तसाच रडत राहिला, मधेच मान हलवून गवताबद्दल हो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. माणसं आहेत की दगड, असं मला वाटलं. आणि त्याच वेळी त्याचं ते रडणंही मला बघवेना. मी उठलो, त्याच्याजवळ गेलो, त्याचे दोन्ही खांदे धरले आणि गदागदा हलवले. "बी स्ट्राँग! डोन्ट क्राय! यू आर अ मॅन!" त्याने वर पाहिलं. मग तो उभा राहिला आणि दोन्ही तळहातांनी मला असं ढकललं की मी पाठीमागच्या कोल्डड्रिंकच्या मशीनवर आदळलो. काच फुटली. माझ्या कोपरातून रक्त आलं. तो माझ्यावर धावून यायच्या आत दोघांनी त्याला धरलं, आणि धरतानाही ते त्याच्या तोंडाकडे बघत नव्हते.

आठवड्याने मला लेखी समज मिळाली. ती दोन मीटरचं अंतर मोडल्याबद्दल होती. बाकी कशाचा त्या कागदात उल्लेख नव्हता.

घरी येऊन मी बायकोला हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. "यांच्याकडे माणूस मेला तरी हे हवेबद्दल बोलतात," मी म्हणालो. तिने माझ्या कोपराला पट्टी बांधली. "त्यांनी त्याला रडू दिलं ना पण," ती म्हणाली. मला ते पटलं नाही. मी विषय सोडून दिला.

डिसेंबरात तिचं पुण्याचं तिकीट रद्द झालं. आई-वडिलांना बघून तिला दोन वर्षं होत आली होती. वरच्या पॅसेजमध्ये, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटासमोर, ती हातात टॉवेल घेऊन उभी होती. फोनवर तो निरोप वाचला आणि रडायला लागली. आधी मुसमुसत, मग मोठ्याने. मी खोलीतून ओरडलो, "पुरे." ती थांबेना. मी बाहेर आलो आणि त्या कपाटाच्या दारावर मूठ मारली. इथली आतली दारं पुठ्ठ्यासारखी असतात, मूठ आरपार गेली. ती तिथल्या तिथे गप्प झाली. मी दुसऱ्या दिवशी त्या भोकावर कॅलेंडर लावलं. त्यानंतर ती माझ्यासमोर एकदाही रडली नाही, आणि माझा उपाय लागू पडला असं मी समजत होतो.

मग एप्रिल दोन हजार एकवीस आला. तो महिना पुण्यात कसा गेला ते मराठी माणसाला सांगायची गरज नाही. सासऱ्यांचा ताप उतरेना, बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा खाली येत गेला. बायको वरच्या खोलीत एका कानाला ऑफिसचा हेडफोन आणि दुसऱ्या कानाला पुण्याचा फोन लावून बसायची. बेड मिळाला का, ऑक्सिजन कुठे आहे, कुणी ओळखीचं आहे का. चौथ्या दिवशी बेड मिळाला. सहाव्या दिवशी सासरे गेले. त्यांना कुणी पाहिलं नाही. बांधलेल्या स्थितीतच महापालिकेच्या माणसांनी नेलं. सासूबाई स्वतः पॉझिटिव्ह, घरात बंद. इथून निघून तिथे पोचणं शक्य नव्हतं, आणि पोचली असती तरी बघायला काही उरलं नव्हतं.

बायको जिना उतरून खाली आली आणि म्हणाली, "बाबा गेले." मग तिने तांदूळ धुतले आणि कुकर लावला. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. आता ही रडेल, मग मी काय करू, एवढंच डोक्यात होतं. ती रडली नाही. शिट्ट्या मोजत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती साडेनऊच्या मीटिंगला हजर होती. त्यानंतरही रोज. बँकेला मेल, पेन्शनच्या ऑफिसला मेल, बाबांचं सिमकार्ड बंद करायचा अर्ज. संध्याकाळी ती कचरा टाकायला मागच्या अंगणात जायची आणि बराच वेळ लावून यायची. मी म्हणायचो, हवा खात असेल. चेहरा धुऊन, केस नीट करून जेवायला बसायची. डोळे कोरडे.

माझी आई रोज नागपूरहून फोन करायची. "रडली का ते?"

"नाही."

"पाह्य बापा, लक्ष ठेव. तिले रडव. आत राहिलं तं डोक्यात जाईन."

पहिल्या चार दिवसांत मला खरीच भीती वाटली. ही वेडी झाली तर, काही करून घेतलं तर, मुलीचं काय. नंतर भीतीची जागा रागाने घेतली. मी तिला बाबांचे फोटो दाखवले. तिने बघितले आणि म्हणाली, "हा बघ, यात त्यांनी माझाच स्वेटर घातलाय." एवढंच. मला वाटायला लागलं की ही मुद्दाम करतेय. माझ्याकडून काहीतरी मागे धरून ठेवतेय.

तेराव्या दिवशी, रविवारी दुपारी, आम्ही सगळे स्क्रीनवर जमलो. पुण्याचे, नागपूरचे, अमेरिकेतले, सव्वीस चौकोन. गुरुजींनी पुण्यातून काय ते केलं. मग एकेक जण बोलायला लागला आणि चौकोनाचौकोनांत पदर डोळ्याला गेले. तिची मावशी तर बोलूच शकली नाही. माझी आई रडली, जिने माझ्या सासऱ्यांना आयुष्यात तीनदा पाहिलं होतं. आणि मधल्या चौकोनात माझी बायको, पाठ ताठ, "हो मावशी, तू काळजी घे, औषधं वेळेवर घे," असं म्हणत. कुणाचा तरी माइक चालू राहिला होता. त्यातून एका बाईचा आवाज सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला. "हिला काही वाटतंय की नाही? बाप गेलाय हिचा."

बायकोने ते ऐकलं. तिने "थँक यू सगळ्यांना" म्हणून लॅपटॉप मिटला आणि ती स्वयंपाकघरात गेली. मी तिथेच बसून राहिलो. आज मी स्वतःला पुष्कळदा सांगू पाहतो की तेव्हा मला तिची काळजी वाटत होती. काळजी होती, पण त्या काळजीवर लाजेचा थर होता, जाडच्या जाड. सव्वीस घरांतल्या लोकांनी माझ्या बायकोचे कोरडे डोळे पाहिले होते आणि मला तोंड लपवावंसं वाटत होतं.

मी आत गेलो. तिने भिंतीवरचं कपाट, ज्याला इथे प्रेस म्हणतात, ते पूर्ण रिकामं केलं होतं. डाळींच्या बरण्या ओट्यावर मांडल्या होत्या आणि ती ओल्या फडक्याने आतली फळी पुसत होती.

"रड," मी म्हणालो.

"तुरीच्या डाळीत पोरकिडे झालेत. टाकून देऊ का?"

"अगं, रड. तेरा दिवस झाले. रड एकदाची."

"माझं झालं की बाहेर येते मी. तू जा ना जरा."

मी तिचे खांदे धरून तिला वळवलं. तिच्या हातातलं फडकं माझ्या छातीला लागलं. "बाप मेलाय तुझा," मी तिच्या तोंडावर ओरडलो. "मेलाय! प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून जाळला त्याला! कळतंय का?" ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला हलवलं, तिची मान मागेपुढे गेली. तरी काही नाही. मग मी तिच्या गालावर थप्पड मारली.

ही पहिली थप्पड रिवाजाने मारली असं मी अजूनही म्हणू शकतो. तिला मोकळं करायला, डोक्यात जाऊ नये म्हणून, वगैरे. पण ती रडली नाही. ती नुसती खाली बघून म्हणाली, "झालं?" आणि मी दुसरी मारली. ती मी माझ्यासाठी मारली. हात पूर्ण मागे नेऊन, जीव खाऊन. तिचा तोल गेला, प्रेसच्या उघड्या दाराची कड तिच्या भुवईवर बसली, दोन बरण्या खाली येऊन फुटल्या आणि ती मसुराच्या डाळीत गुडघ्यांवर बसली. रक्त डोळ्यात उतरायला लागलं. तिने मनगटाने पुसलं. अजूनही रडली नाही.

रडण्याचा आवाज आला तो दारातून. मुलगी तिथे उभी होती, किती वेळ उभी होती कोण जाणे, आणि किंचाळत होती. "स्टॉप इट! स्टॉप इट, डॅडी!" मी तिच्याकडे वळून गरजलो, "आवाज बंद!" माझ्या तोंडून ते निघालं आणि ती खरंच बंद झाली, तोंड उघडं ठेवून.

मागचं दार कुणीतरी दोन्ही मुठींनी बडवत होतं. उघडायची वाट न बघता शेजारची बाई आत आली. मास्क नाही, पायात घरातल्या सपाता. तिने ओट्यावरचं नॅपकिन घेतलं, बायकोच्या भुवईवर दाबलं, मुलीला दुसऱ्या हाताने पोटाशी ओढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली की गार्डांना फोन केलाय, म्हणजे पोलिसांना.

मी समजावून सांगायला लागलो. मला आजही ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, स्वतःवरच. मी इंग्रजीत सांगत होतो की तुम्हाला आमच्याकडचं माहीत नाही. दुःख आत राहिलं तर माणूस वेडा होतो, म्हणून आमच्याकडे जवळची माणसं त्याला रडवतात. हिचे वडील गेले आणि तेरा दिवसांत ही एकदाही रडलेली नाही. मी हिच्या भल्यासाठीच केलं.

त्या बाईने तेव्हा माझ्याकडे पाहिलं. "रडली नाही?" ती म्हणाली. "ही रोज संध्याकाळी माझ्या कुंपणाशी येऊन रडते. तासभर. कालही. मी माझ्या बाजूला उभी असते, ती तिच्या. मला तिच्या वडिलांबद्दल सगळं माहीत आहे. ते सायकलवरून तिला पोहायला न्यायचे तेही माहीत आहे."

मला ते माहीत नव्हतं. सायकलचं, पोहण्याचं. बारा वर्षांच्या संसारात.

मी बायकोकडे वळलो आणि मराठीत म्हणालो, "तू शेजारणीसमोर रडतेस? आणि माझ्यासमोर नाही?"

"तुझ्यासमोर?" ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीवाल्याशी बोलावं तसा. "डिसेंबरात रडले होते ना. तू दार फोडलंस. मी त्या दारापासून वीतभर लांब होते. तेव्हाच ठरवलं, हे काम बाहेर करायचं. तिच्यासमोर मी रडते तर ती काही म्हणत नाही. नुसती उभी राहते. मधेच म्हणते, ढग आलेत. मला एवढंच हवं होतं रे."

वीस मिनिटांत गार्डा आले. एक चाळिशीची बाई आणि एक कोवळा तरुण, दोघांच्या तोंडावर मास्क. बाई बायकोबरोबर स्वयंपाकघरात गेली आणि तिने दार लोटून घेतलं. तरुण माझ्याबरोबर पुढच्या खोलीत. आणि तिथे, सोफ्यावर बसल्यावर, मला रडू फुटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. नाकातोंडातून पाणी, आवाज कुठून येतोय ते कळेना. तो तरुण खिडकीबाहेर बघायला लागला. "टेक युवर टाइम," तो म्हणाला आणि टीपॉयवरचा टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला.

आता जे सांगतो ते कुणाला सांगितलेलं नाही. त्याने डबा सरकवला तेव्हा मला बरं वाटलं, आणि मनात हिशेबही सुरू झाला. हा माझ्यावर दया करतोय. माझा नागरिकत्वाचा अर्ज गेलेला होता. पोलिसांत नाव लागलं की तो संपला, कदाचित नोकरीही. मुलगी, घर, सगळंच. आणि मी जरा मोठ्याने रडायला लागलो. त्याला नीट ऐकू यावं म्हणून. दाराआडच्या बाईलाही ऐकू यावं म्हणून.

लोटलेल्या दारातून प्रश्न ऐकू आला, त्याने तुला मारलं का. मी रडणं थांबवून कान दिला. ती नाही म्हणाली असती तर ते सगळे चहा पिऊन निघून गेले असते, असं मला वाटत होतं. कोण्या घरातली कोणती बाई हो म्हणते, माझ्या ओळखीत तरी कुणी म्हटलेलं नव्हतं. माझ्या आईने नाही, शेजारच्या क्वार्टरांतल्या बायकांनी नाही.

"यस," ती म्हणाली. "ट्वाइस."

"अगं, का मारलं ते सांग ना त्यांना!" मी मराठीत ओरडलो.

आतून तिचा मराठीतला आवाज आला. "ते तू सांग. मला माहीत नाही."

त्या संध्याकाळी मी एका बॅगेत कपडे भरून घर सोडलं. डब्लिनमध्ये सँट्रीला एका नागपूरकर मित्राच्या फ्लॅटमध्ये जागा होती. पुढच्या आठवड्यात नासच्या कोर्टातून कागद आला. त्यावर माझं नाव होतं आणि मी काय काय करायचं नाही त्याची यादी होती. मित्राने पहिल्या दिवशी पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "वहिनींनी जरा जास्तच केलं यार, घरातलं घरात मिटवायचं असतं." मला ते ऐकायला गोड वाटलं, हे कबूल करतो. बरेच दिवस मी त्या वाक्यावरच जगत होतो.

आईला मी आठ दिवसांनी सांगितलं. मला वाटलं, ती तरी माझ्या बाजूने असेल. तिने रोज सांगितलं होतं ना, रडव तिले.

"मी रडव म्हटलं," आई म्हणाली. "मारायले कोनं सांगितलं तुले?"

"आत्याने तुला मारलं होतं. तेव्हाच तू मोकळी झालीस. सगळ्यांसमोर."

"कानावर लागलं होतं माह्या," ती म्हणाली. "दुखलं म्हनून रडली मी. तुह्या बापासाठी नाही. त्याच्यासाठी मले रडूच नाही आलं कधी. हे कोनी इचारलं का मले? तू तरी इचारलं का?"

मी विचारलं नव्हतं. ती रडायला लागताच मी अंगणात बांबू धरायला गेलो होतो.

जुलैपासून मला मुलीला दर रविवारी दोन तास भेटायची परवानगी मिळाली, उघड्यावर, बागेत. बायको तिला फाटकाशी सोडून गाडीत बसायची. ती माझ्याशी बोलायची ते कामापुरतं, जॅकेट आणलंय, पाणी बॅगेत आहे. तिच्या भुवईत एक पांढरी रेघ राहिली आहे. तिथे केस येत नाहीत.

मी त्या दोन तासांत फार गोड वागायचो. आवाज चढवायचा नाही, झटकन हात हलवायचा नाही, हे मी आठवडाभर घोकायचो. एका समुपदेशक बाईशी मी दर मंगळवारी फोनवर बोलत होतो, राग कसा ओळखायचा ते शिकायला. मला वाटायचं, पोर लहान आहे, विसरेल. ती हसायची, माझा हात धरायची, शाळेतलं सांगायची. मी आतल्या आत तारखा मोजत होतो की घरी कधी जाता येईल.

सप्टेंबरातला एक रविवार. ती दोरीच्या जाळीवर चढली होती, वरच्या टोकाला तिचा पाय सटकला आणि ती गुडघ्यांवर खडीत पडली. मी धावलो. एक गुडघा चांगलाच फाटला होता, मोज्यापर्यंत रक्त आलं होतं. सात वर्षांच्या पोराने अशा वेळी भोकाड पसरावं, सगळी बाग गोळा करावी. तिचा ओठ थरथरायलाही लागला होता. तेवढ्यात तिने वर पाहिलं आणि समोर मी आहे हे तिला दिसलं. तिने ओठ आत ओढून दातांत धरला. डोळे मोठे केले, पाणी खाली पडू नये म्हणून. "आयॅम ग्रँड," ती म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत मला काही झालेलं नाही. "आयॅम ग्रँड, डॅडी."

मी तिच्यासमोर खडीत बसलो, आवाज जमेल तितका मऊ केला. "बाळा, दुखतंय ना? रड," मी म्हणालो. "रड ना."

तिने दोन्ही तळहात आपल्या गालांवर दाबून धरले आणि ती मागे सरकायला लागली. बसल्या बसल्याच, खडीतून, तो फुटलेला गुडघा ओढत.

मी जागचा हललो नाही. जाळीच्या खांबाला पाठ लागल्यावर ती थांबली. हात गालांवरून काढले नाहीत. "कॅन यू रिंग मॅम?" तिने विचारलं.

मी तिच्या आईला फोन लावला आणि तो जमिनीवरून तिच्याकडे सरकवला. तिने एका हाताने उचलला, दुसरा गालावरच ठेवून ती उठली आणि लंगडत बाकापलीकडे गेली. तिथे पोचल्यावर माझ्याकडे पाठ केली, आणि मग ती धाय मोकलून रडायला लागली.